माजघरातला इतिहास



परदेशांत बंद पडलेल्या कापडगिरण्यांतून स्थानिक इतिहासाची संग्रहालये उभी राहिली. मँचेस्टरजवळची क्वारी बँक, अमेरिकेतील लोवेल ही त्यांतील प्रसिद्ध उदाहरणे. पुण्यात हे कार्य गिरणीने नव्हे, बाजीराव रस्त्यालगतच्या एका राहत्या घराने केले. त्या घराचे धनी कै. दिनकर गंगाधर केळकर. चष्म्यांच्या व्यवसायातले हे गृहस्थ ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत.

भारत इतिहास संशोधक मंडळ पुण्यात 1910 सालीच स्थापन झाले होते. दप्तरे, बखरी, सनदा यांचा शोध निष्ठेने चालू होता. पण माजघराची बखर कोण लिहिणार? 1920च्या सुमारास केळकरांनी संग्रहास आरंभ केला आणि मग गावोगाव हिंडून त्यांनी दिवे, अडकित्ते, दौती, विळ्या, वाद्ये, कोरीव दरवाजे जमविले. पाय घासावयाच्या वज्रीवर ओतकाराने पक्षी बसविला आहे. वास्तविक टाच घासण्यास पक्ष्याची काय गरज? पण ज्या समाजाला ती वाटली, त्याची अभिरुची कोणत्या सनदेत सापडावी! मस्तानीच्या कोथरूड येथील महालाचे अवशेषही येथे पुन्हा उभारले आहेत. तरीही पाहणाऱ्याचे पाऊल थबकते ते अडकित्त्यांपाशीच.

‘राजा’ ही केळकरांची पदवी असावी, असा अनेकांचा समज होतो. राजा हे त्यांच्या मुलाचे नाव. तो बालवयातच गेला. पित्याने त्याचे नाव संग्रहालयास दिले. पत्नी कमलाबाईंनी या वेडाला आयुष्यभर साथ दिली. पुढे संग्रह वीस हजार वस्तूंच्या पलीकडे गेला. बाजारात त्याचे मोल सहज झाले असते. केळकरांनी मात्र 1975 साली तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. 1990 साली त्यांचे निधन झाले.

त्याच दशकांत घरोघरची तांब्या-पितळेची भांडी मोडीत जात होती, त्यांच्या जागी स्टीलची येत होती. लग्नात, मुंजीत आलेल्या त्या भांड्यांवर देणाऱ्याचे नाव आणि तिथी ठिपक्यांनी कोरलेली असे. कुळाचा तेवढाच लेख पुष्कळ घरांत उरला होता. मोडीवाल्याच्या तराजूत तोही धातूबरोबरच तोलला गेला.