लालपेठच्या पाषाणमूर्ती

संग्रहालय म्हटलें कीं भिंती, छप्पर, कांचेचीं कपाटें आणि प्रत्येक वस्तूपाशीं लाविलेली चिठ्ठी असें चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें. नागपुरास १८६३ सालीं स्थापन झालेलें व 'अजब बंगला' ह्या नांवानें सर्वांस ठाऊक असलेलें संग्रहालय ह्याच प्रकारचें होय. परंतु चंद्रपुरास शिल्पांचा एक संग्रह असा आहे कीं, त्यास छप्पर नाहीं, कपाट नाहीं, आणि त्यांतील सर्वांत मोठी मूर्ति तर कधीं उभीच राहिली नाहीं.

गोंड राजांनीं बांधिलेल्या परकोटाबाहेर, शहराच्या आग्नेयेस, लालपेठ म्हणून भाग आहे. तेथें एकेका अखंड पाषाणांतून कोरलेल्या प्रचंड मूर्तींचा हा समूह आहे. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकांच्या यादींतहि त्याची नोंद मोठ्या एकपाषाणी शिल्पांचा संग्रह अशीच आहे. शिवलिंग, नंदी, गणपति, मारुति हे त्यांत आहेत. आणि वीस फुटांहून अधिक लांबीची दशमुखी दुर्गा आकाशाकडे तोंडें करून पडली आहे. तिचीं दहा तोंडें पाहून लोक तिलाच रावण म्हणूं लागले.

ह्या कामाचें श्रेय परंपरा रायप्पा नांवाच्या एका कोमटी व्यापाऱ्यास देते. धुंड्या रामशहा ह्या गोंड राजाच्या कारकीर्दींत, म्हणजे सोळावें शतक संपून सतरावें सुरू होण्याच्या सुमारास, त्यानें एक विशाल शिवमंदिर उभारण्याचें मनांत आणिलें. मूर्ती घडूं लागल्या. पण मंदिर होण्यापूर्वींच रायप्पाचा अंत झाला आणि काम थांबलें तें कायमचेंच. पुढें १७५१ सालीं चांद्याचें राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेलें, १८५४ त तें इंग्रजांकडे गेलें, आणि १९६४ त चांद्याचें चंद्रपूर झालें. मूर्ती मात्र होत्या तेथेंच राहिल्या.

ज्या गोष्टीस सामान्यतः उणीव म्हणतात, तीच येथें शिकविणारी आहे. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यांत वैनगंगेच्या कांठीं मार्कंडीचीं देवालयें आहेत. तेथील भिंतींवर कला पूर्णत्वास गेलेली दिसते. मात्र ती सिद्ध कशी झाली, हें त्या नाजुक कोरीव कामाआड लपून जातें. लालपेठेस तें लपत नाहीं. येथील घडण ठोकळ आहे. आकार निघाला, पण बारीक कामाचा शेवटचा हात फिरावयाचा राहिला. शिवाय एवढी अवजड देवी उभी कशी करणार होते, हा प्रश्न पाहणाऱ्याच्या मनांत आपोआप उभा राहतो. पूर्ण झालेल्या मंदिरांत तो कोणासहि पडत नाहीं.

आतां दूरच्या एका देशाकडे पाहावें. न्यूयॉर्क येथील मेट्रोपोलिटन संग्रहालयानें १९२४ सालीं अमेरिकेच्या जुन्या कलेसाठीं एक स्वतंत्र विभाग उघडला. त्यांत ठेविलें काय, तर जुन्या घरांतल्या सबंध खोल्या, खुर्च्या, टेबलें आणि चांदीचीं भांडीं! वॉल स्ट्रीटवरील एका जुन्या पेढीची दर्शनी भिंतसुद्धां तेथें आणून बसविली. त्या राष्ट्रानें १७७६ त स्वातंत्र्य पुकारलें, त्याच्या दीडशें वर्षें आधींच लालपेठेस छिन्नी चालून थांबली होती. तथापि आजोबाच्या खुर्चीचेंहि मोल त्या लोकांनीं ओळखलें, हें त्यांच्यापासून घेण्यासारखें आहे.

लालपेठच्या मूर्ती उचलून कोणत्याहि दालनांत नेतां येणार नाहींत. म्हणून संग्रहालयाचें ज्ञानच त्यांच्यापाशीं चालत गेलें पाहिजे. चार शतकांचें ऊन व पाऊस त्यांनीं सोसला आहे, आणि पाषाणावरील जी रेषा एकदां झिजली ती पुन्हां येत नाहीं. सरकारी संरक्षण असलें तरी ज्यांच्या गांवांत ठेवा आहे त्यांस त्याची ओळख नसेल, तर तें संरक्षण कागदावरच राहतें. चंद्रपूरच्या प्रत्येक शाळेनें वर्षांतून एक दिवस दोरी, कागद व पेन्सिल घेऊन तेथें जावें. मुलांनीं देवीची लांबी मोजावी, तोंडें मोजावीं, दिसतें तसें चित्र काढावें. घरीं परतल्यावर एका मुलानें जरी वडिलांस सांगितलें कीं, "बाबा, तो रावण नव्हे, ती दुर्गा आहे," तरी जतनाचें काम सुरू झालें म्हणावें.