आंतरवासिता : विद्येला कर्माची जोड
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील व्याख्यानाचा संक्षेप)



आपल्या संस्थेने पन्नास वर्षे गरजू विद्यार्थ्यांच्या शुल्काचा भार उचलला. आज एका नव्या भाराकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो.

प्रत्यक्ष कामातून शिकण्याची रीत आपल्याकडे नवी नाही. एम.बी.बी.एस.च्या विद्यार्थ्याला वर्षभराची आंतरवासिता चुकत नाही. सनदी लेखापाल होण्यासाठी आर्टिकलशिप करावीच लागते. पूर्वी ती ३ वर्षांची होती, २०२३ पासूनच्या नव्या योजनेत २ वर्षांची झाली. विधी शाखेतही ती आवश्यक आहे. मात्र कला, विज्ञान आणि वाणिज्य शाखांतील बहुसंख्य विद्यार्थी व्याख्यान, वही आणि परीक्षा यांच्या पलीकडे गेले नाहीत.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने ही उणीव ओळखली. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केलेल्या आराखड्यात ३ वर्षांच्या पदवीस १२०, तर ४ वर्षांच्या पदवीस १६० श्रेयांक ठरले आणि आंतरवासितेलाही त्यांत स्थान मिळाले. एका श्रेयांकास ३० तास या हिशेबाने ४ श्रेयांकांसाठी १२० तास होतात. रोज ६ तास काम केल्यास अवघे २० दिवस!

या २० दिवसांत काय साधेल, असे कोणी विचारील. इतिहासाचा विद्यार्थी जुन्या पेढीच्या मोडीतील रोजकीर्द आणि खतावणीची सूची करील. भूगोलाचा विद्यार्थी गावातील विहिरींची पाणीपातळी मोजून नकाशावर मांडील. रसायनशास्त्राची विद्यार्थिनी प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासील. अर्थशास्त्राचा अभ्यासक बाजार समितीतील दैनंदिन भावांची नोंद ठेवील. मराठीची विद्यार्थिनी छापखान्यात मुद्रितशोधन शिकेल. विषय कोणताही असो, ज्ञानाची कसोटी कामातच लागते.

परंतु एक प्रसंग मला अस्वस्थ करतो. माझ्या एका विद्यार्थ्याने १२० तासांचे प्रमाणपत्र आणून दिले. "तेथे काय शिकलास?" असे विचारताच त्याने मान खाली घातली. थोड्या वेळाने म्हणाला, "सर, गावाहून रोज शहरात यायला बसभाडं नव्हतं. सुट्टीत मजुरीला गेलो. ओळखीच्या एकानं सही करून दिली."

मी त्याला रागावलो नाही. त्याने असत्य केले, हे खरेच. पण ज्याच्या घरी सुट्टीतील मजुरीवर चूल पेटते, त्याला २० दिवस विनावेतन राबण्यास सांगणारी व्यवस्थाही निर्दोष नव्हे. ज्याचे वडील व्यापारी, त्याला पेढी घरचीच. ज्याचे वडील शेतमजूर, त्याने कोणाचे दार ठोठवावे? यावर उपाय न योजल्यास आंतरवासिता ही सधनांची संधी आणि निर्धनांची केवळ कागदपूर्ती ठरेल.

म्हणून माझी नम्र विनंती आहे. येथे व्यापारी, डॉक्टर, लेखापाल आणि उद्योजक बसले आहेत. प्रत्येकाने दरवर्षी एका अपरिचित विद्यार्थ्याला आपल्या कामाच्या ठिकाणी जागा द्यावी. त्याला निरोप्या न समजता काम शिकवावे, चूक दाखवावी आणि जेवढे काम झाले तेवढ्याच तासांवर सही करावी. संस्थेने त्याच्या प्रवासाचा व भोजनाचा खर्च उचलावा. शुल्काचे दान त्याला वर्गापर्यंत नेते. हे दान त्याला स्वतःच्या पायांवर उभे करील.

सुवर्णमहोत्सवाचा संकल्प म्हणून आपण याचा विचार करावा, एवढी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.