सर्व्हरच्या बाहेर अडकलात, तर

नोव्हेंबर म्हणजे आम्हा निवृत्तांचा हयातीच्या दाखल्याचा महिना. आमच्या माजी सैनिकांच्या छोट्या गटाची यादी क्लाउडवरच्या एका उबुंटू सर्व्हरवर असते. कोणाचा दाखला राहिलाय, कोणाला फोन करायचा, हे सगळं तिच्यात. बऱ्याच नोंदी वीरपत्नींच्या. ऐन त्या महिन्यात एक फाइल अपलोड होईना म्हणून मी वैतागून होम फोल्डरला, आतल्या सगळ्यासकट, ७७७ परवानगी देऊन टाकली आणि विंडो बंद करून झोपलो.

सकाळी एसएसएच म्हणालं, 'परमिशन डिनाइड'.

अशा वेळी घाबरून नवा सर्व्हर उभारायला घेऊ नका. आधी संदेश नीट वाचा. 'कनेक्शन टाइम्ड आउट' आला, तर तुम्ही मशीनपर्यंत पोहोचतच नाही आहात; बहुधा फायरवॉलमध्ये पोर्ट २२ बंद असतं किंवा आयपी चुकलेला असतो. 'रिफ्यूज्ड' म्हणजे मशीन गाठलं, पण आत एसएसएचची सेवा बहुधा बंद आहे. 'परमिशन डिनाइड' म्हणजे गेटवर संतरी जागा आहे, पण तुम्हाला आत सोडत नाही. माझ्या संतरीचं बरोबरच होतं. होम फोल्डरमध्ये कोणीही लिहू शकतं असं दिसलं, की तिथल्या कीवर एसएसएच विश्वास ठेवत नाही.

सिरियल कन्सोल होता, पण तिथं पासवर्ड लागतो आणि मी तो कधी ठेवलाच नव्हता. राहिला डिस्क काढण्याचा मार्ग. सर्व्हर 'स्टॉप' केला. 'टर्मिनेट' नव्हे बरं का, तिथं डिस्कसुद्धा जाऊ शकते! स्नॅपशॉट घेतला. मग डिस्क सोडवून त्याच झोनमधल्या दुसऱ्या सर्व्हरला जोडली आणि माउंट केली. होम फोल्डरला ७५५, एसएसएचच्या फोल्डरला ७००, कीच्या फाइलला ६००. पहिल्यांदा हे सगळं मी त्या दुसऱ्या सर्व्हरच्याच होममध्ये करून बसलो. अर्धा तास फुकट! मग माउंट केलेल्या डिस्कवर केलं, अनमाउंट करून डिस्क जुन्या जागी, जुन्याच डिव्हाइस नावानं जोडली.

सुरू केला, तर आता 'टाइम्ड आउट'. स्टॉप-स्टार्टमध्ये पब्लिक आयपी बदलला होता. स्थिर पत्ता मी घेतलाच नव्हता. नवा टाकला आणि आत गेलो. यादी जशीच्या तशी होती. हल्ली काहीही बदललं, की नव्या विंडोतून लॉगिन होईपर्यंत जुनी बंद करत नाही.

दुपारी आम्ही फोन लावायला बसलो.