चालणें शिकावयाचें तें चालूनच



ज्या घरांतील मूल दीड-दोन वर्षांचें होऊनहि उभें राहत नाहीं, किंवा टाचा उचलून, गुडघ्यास गुडघा घासत चालतें, त्या घरांतील मंडळींशीं मला आज विशेषेंकरून बोलावयाचें आहे. अशा पुष्कळ मुलांस सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूचा पक्षाघात, असतो. मी वैद्य नव्हे, मास्तर आहें. परंतु चालणें हीहि एक विद्याच असल्यामुळें चार शब्द बोलण्याचें धाडस करतों.

विल्यम जॉन लिट्ल या इंग्रज वैद्यानें १८६१ सालीं लंडन येथें या विकाराचें सविस्तर वर्णन केलें. जन्मापूर्वीं, जन्मतांना किंवा त्यानंतर लवकरच वाढत्या मेंदूस इजा होते. ती इजा पुढें वाढत नाहीं, पण नाहींशीहि होत नाहीं. वाढतें तें मूल. हाडें लांबत जातात, ताठर स्नायु मागें पडतात, आणि काल चालणारें मूल वयांत येतांना अडखळूं लागतें. म्हणून "मोठें झाल्यावर आपोआप सुधारेल" असें म्हणून स्वस्थ बसणें घातक होय.

पुष्कळ घरांतून तेल चोळून मालिश होतें, पाय ओढून ताणले जातात. मालिशनें मुलास बरें वाटेल. परंतु तेवढ्यानें चालणें येत नाहीं. तेथें श्रम आईच्या हातांस पडतात, मूल नुसतें निजलेलें असतें. गुरुजींनीं कित्ता गिरविल्यानें विद्यार्थ्याचें अक्षर सुधारतें काय? मेंदू शिकतो तो स्वतः केलेल्या, चुकलेल्या आणि पुन्हां केलेल्या कृतींतूनच. पूर्वीं अशी समजूत होती कीं, जोर करावयास लावल्यास ताठरपणा वाढतो. आधुनिक संशोधनानें ती खोटी ठरविली आहे.

मग करावें काय? मुलास स्टुलावर बसवून हात न टेकतां उठावयास सांगावें. तें साधलें कीं स्टूल थोडें ठेंगणें घ्यावें. बुटक्या पायरीवर एक पाय चढवावा, उतरवावा. भिंतीच्या आधारानें आडवें चालावें. पुढें वॉकर घेऊन अंगणांत, मग खडबडीत रस्त्यावर. इस्पितळांत यंत्राच्या सरकत्या पट्ट्यावरहि चालवितात. हेतु मात्र मुलाचा स्वतःचा असावा. "दहा वेळां ऊठ" यापेक्षां "देव्हाऱ्यापर्यंत जाऊन फूल वाहून ये" ही आज्ञा अधिक फळते. हें सर्व फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखालीं व्हावें. वेदना झाल्यास थांबावें, आणि खुब्याचा सांधा निखळत नाहीं ना, हें डॉक्टरांकडून वेळोवेळीं पाहून घ्यावें.

आतां एक कठोर सत्य. १९९७ सालीं रॉबर्ट पॅलिसानो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अशा मुलांच्या हालचालींच्या ५ श्रेणी ठरविल्या. पहिल्या श्रेणींतील मूल बिनआधारानें चालतें. पांचव्या श्रेणींतील मुलास चाकाच्या खुर्चींतून न्यावेंच लागतें. बहुतेक मुलांच्या मोठ्या हालचालींची वाढ वयाच्या ५व्या वर्षाच्या सुमारास जवळजवळ पुरी होते. यास्तव लवकर आरंभ करावा. पण "अमुक महिन्यांत धांवावयास लावतों" अशी हमी देणाऱ्यास आपली कष्टाची पुंजी देऊं नये.

चाकाची खुर्ची म्हणजे पराभव नव्हे. १९७२ सालीं मिथू अलूर यांनीं मुंबईंत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था स्थापून अशा मुलांच्या शिक्षणास वाट करून दिली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यांतहि या विकाराचा स्पष्ट उल्लेख आहे. व्यायामापायीं शाळा बुडवूं नका. शाळेच्या वाटेलाच व्यायाम करा. आणि मूल धडपडत चार पावलें टाकीत असतां, घाई आहे म्हणून त्याला चटकन् कडेवर उचलूं नका. तीं चार पावलें त्याचा त्या दिवसाचा धडा आहे. तो त्याला पुरा करूं द्या.