मशीन काय म्हणस?

मी दोंडाईच्याहून बोलतोय. दवाखान्यांतली यंत्रं दुरुस्त करणं हा माझा धंदा. मोटरसायकल, पाठीवर बॅग, बॅगेत मल्टिमीटर. आज बोलायचंय ते या यंत्रांबद्दल. ती डिजिटल झाली म्हणजे नेमकं काय बदललं?

ईसीजीचंच घ्या. ईसीजी लांब पाठवणं काही नवीन नाही बरं का! हॉलंडमधल्या लायडनला आइन्थोव्हेन यांनी १९०५ साली रुग्णालयातल्या माणसाच्या हृदयाचा आलेख टेलिफोनच्या तारेवरून दीड किलोमीटरवरच्या आपल्या प्रयोगशाळेत उतरवला. यंत्र इतकं अवजड की ते रुग्णापाशी नेणं शक्यच नव्हतं. आज तेच यंत्र पिशवीत मावतं, आणि इथला आलेख मिनिटाभरात धुळ्याच्या डॉक्टरांच्या मोबाईलवर दिसतो.

आता एक प्रसंग सांगतो. मिरचीचा हंगाम होता. एका दवाखान्यात मी बॅटरी बदलायला गेलो होतो. तेवढ्यात मिरच्या निवडणाऱ्या एक मावशी आल्या. छातीत जळजळ. सगळ्यांना वाटलं, मिरचीचाच त्रास. ईसीजी काढला, तर यंत्रानं स्वतःच खाली छापलं, 'नॉर्मल'. मावशींचा मुलगा मला विचारतो, "भाऊ, मशीन काय म्हणस?"

मी उत्तर देणार, तोच डॉक्टर म्हणाले, "मशीन काही म्हणू दे, मावशींचा घाम बघ."

थोड्या वेळानं पुन्हा ईसीजी काढला. या वेळी रेषा वर उचललेली! हार्ट अटॅक. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं आणि मावशींना धुळ्याला हलवलं. मावशी वाचल्या.

यंत्र बिघडलेलं नव्हतं, मंडळी. अटॅकच्या सुरुवातीला ईसीजी साधा येऊ शकतो. म्हणून दुखणं थांबत नसेल तर तो पुन्हा काढायचा असतो. आणि दोन हातांच्या तारा अदलाबदल झाल्या, तर पहिली रेषा उलटी उमटते. ती चूकही इंटरनेटवरून तितक्याच वेगानं धुळ्याला पोचते!

सरकारनंही हे ओळखलंय. १ एप्रिल २०२० पासून निदानासाठी वापरलेलं सॉफ्टवेअरसुद्धा कायद्यानं वैद्यकीय उपकरण धरलं जातं. उपकरणामुळे रुग्णाला इजा झाली, तर ती कळवण्यासाठी २०१५ पासून देशात मटेरियोव्हिजिलन्स नावाचा कार्यक्रम आहे. नाव अवघड आहे, पण लक्षात ठेवा.

डिजिटलचा फायदा मी रोज बघतो. ईसीजीचा कागद थर्मल असतो, आपल्या उन्हात फिका पडतो. फाइल टिकते, जुना आलेख नव्याशेजारी ठेवता येतो. पण त्यासाठी यंत्रातलं घड्याळ बरोबर हवं आणि नाव रुग्णाचंच हवं. मी कुठंही गेलो की आधी घड्याळ बघतो, मग तारा.

तुम्ही एवढंच करा. घरातल्यांच्या जुन्या ईसीजीचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. छातीत दुखलं, घाम फुटला, तर 'नॉर्मल' वाचून लगेच घरी परतू नका. डॉक्टरांना विचारा, "पुन्हा एकदा काढायचा का?"

चला, भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या!