वहीच्या मागच्या पानावरची उमराव

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मिर्झा हादी रुसवा यांची 'उमराव जान अदा' ही उर्दू कादंबरी १८९९ साली प्रसिद्ध झाली. १९८१ सालच्या सिनेमामुळे ती घराघरांत पोचली खरी. पण आज मला बोलायचं आहे ते पुस्तकाबद्दल.

मी तेव्हा बी. ए.ला होतो. मला उर्दू लिपी येत नव्हती, माझ्या थोरल्या बहिणीला, आपाला, येत होती. ती वाचायची, मी ऐकायचो. पात्रं इतकी, की नावांचा गोंधळ व्हायचा. मग मी वहीच्या मागच्या पानावर एकेक नाव लिहून पेन्सिलीनं रेघा ओढायला लागलो. कोण कुणाचं कोण, एवढंच. नवीन माणूस आला की नवीन रेघ.

पहिली रेघ सुडाची निघाली. फैजाबादेत बहू बेगमच्या मकबऱ्यावर जमादार असलेल्या बापानं दिलावर खानाविरुद्ध साक्ष दिली. त्याचा राग खानानं त्याच्या लहान मुलीवर काढला. अमीरनला बैलगाडीत कोंबून लखनौला नेलं आणि विकलं. गुन्हा बापाच्या खरेपणाचा, शिक्षा पोरीला! हा दिलावर पुढे कितीतरी प्रकरणं दिसत नाही, पण नकाशातून त्याला काढता येत नाही.

लखनौला खानमच्या कोठ्यावर पोचल्यावर पान एकदम भरून गेलं. खानम ही मालकीण. तिला नुसती दुष्ट ठरवून मोकळं होता येत नाही. पोर कुणाची याची चुटपुट तिलाही लागते, पण पाप आणणाऱ्याच्या माथी, असा हिशोब करून ती पैसे मोजते. बुवा हुसैनी अमीरनला लेकीसारखी वाढवते. मौलवीसाहेब शिकवतात, आणि त्या शिकण्यातूनच अमीरनची शायर उमराव होते. खानमची स्वतःची मुलगी बिस्मिल्ला. तिच्या एका शब्दावर एक म्हातारे मौलवी कडुनिंबावर चढतात, ते प्रकरण वाचताना आपाला हसू आवरेना, वाचन थांबवावं लागलं.

गंमत अशी, की इतक्या माणसांत उमरावला ज्या माणसाशी बांधलेली रेघ सगळ्यांत ठळक हवी, ती मी जवळजवळ विसरलोच होतो. रामदेई. लखनौच्या ज्या अंधाऱ्या कोठडीत अमीरनला ठेवलं होतं, तिथं ही दुसरी पळवलेली मुलगी होती. दोघी गळ्यात गळा घालून रडल्या, नंतर वेगळ्या विकल्या गेल्या. वर्षांनी कानपूरला उमराव एका बेगमेच्या हवेलीत गायला जाते, तर ती बेगम म्हणजे रामदेई! आणि पुढे कळतं, तिचा नवरा म्हणजे नवाब सुलतान, उमरावचा एके काळचा प्रियकर. गिऱ्हाईक वेगळं मिळालं, एवढाच दोघींतला फरक. रुसवांनी हे कुठं ओरडून सांगितलेलं नाही. कागदावर दोन नावं शेजारी लिहिली की दिसतं. उमराव ते पाहते, आणि रामदेईचा संसार मोडेल असं काही बोलत नाही. अमीरनची उमराव किती मोठी झाली, ते मला तिच्या गाण्यापेक्षा या गप्प राहण्यात दिसलं.

१८५७ च्या धामधुमीनंतर ती फैजाबादेला येते. बाप गेलेला. आई भेटते, दोघी रडतात. मग धाकटा भाऊ येतो, हातात सुरी. तो मारायला आलेला असतो, पण त्याच्यानं मारवत नाही. तोही रडतो, आणि उमरावला गाव सोडावं लागतं. लहानपणी ज्याच्याशी खेळली तो हा भाऊ. मी दोघांमधली रेघ खोडली आणि वर फुली मारली.

आपानं पुस्तक खाली ठेवलं. "फुली का मारलीस?"

मी म्हटलं, "संपलं ना नातं."

"संपलं असतं तर मारलं असतं की त्यानं," ती म्हणाली. तिनं रबर घेतलं आणि फुली पुसली. रेघ मात्र पुन्हा ओढली नाही. मी काही बोललो नाही. आपाची शाळा सातवीत बंद झाली होती, मी कॉलेजात होतो, आणि घरात त्याबद्दल कधीच कुणी बोलायचं नाही. त्या दिवशीही आम्ही बोललो नाही.

दिलावर खान शेवटी पकडला जातो, फासावर जातो. ही रेघ एवढीच, रुसवाही तिथं रेंगाळत नाहीत.

राहता राहिले स्वतः रुसवा. ते लेखक आहेत आणि पात्रही. उमराव आपली कहाणी त्यांनाच सांगते, मध्येच ते टोकतात, शेरावर दाद देतात, कधी ती त्यांना गप्प करते. त्यांना कुठं लिहायचं, हे मला सुचेना. समासात लिहिलं. आपा म्हणाली, "तिथंच राहू दे. कुणीतरी ऐकणारं पाहिजे की तिला."

ही कादंबरी देवनागरीत हिंदीतही मिळते. सिनेमा पाहिला असला तरी वाचा, आणि वाचताना हाताशी एक पेन्सिल ठेवा. रबरही असू द्या.