विसण कुणाच्या हातात?

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला कृत्रिम बुद्धिमत्तेवर दहा मिनिटं बोलायला सांगितलं होतं. पण आज सकाळपासून आपल्या बॅचच्या ग्रुपवर एकच विषय चालू आहे. 'तिसऱ्या मजल्यावर गरम पाणी येतंय का?' 'आमच्याकडे नुसतं कढत, गार कुठंय?' 'सॉरी, मी आत्ता फ्लश केलं.' तेव्हा विषय बदलते. हॉटेलातल्या शॉवरवर बोलते. हसू नका, गेली वीस वर्षं कामानिमित्त मी इतक्या हॉटेलांत आंघोळी केल्या आहेत की या विषयावर माझा अधिकार कृत्रिम बुद्धिमत्तेपेक्षा जास्त आहे.

आपल्या आज्यांना हा प्रश्न कधी पडला नाही. पंचवटीतल्या वाड्यांत मागच्या अंगणात तांब्याचा बंब असायचा. मधल्या नळकांड्यात लाकडं, भोवती पाणी. कढत पाणी घंगाळात काढायचं, त्यात विसण घालायचं, हाताने ढवळायचं आणि मग पहिला तांब्या अंगावर. विसण हा शब्द आपल्या मुलांना सांगावा लागेल. कढत पाणी सोसवेल इतपत करायला त्यात घालायचं गार पाणी, ते विसण. यातली खुबी अशी की पाणी आधी मिसळलं जायचं, मग तपासलं जायचं आणि नंतर अंगावर यायचं.

शॉवरमध्ये हा क्रम उलटा झाला. पाणी भिंतीतल्या मिक्सरमध्ये मिसळतं आणि तपासणी थेट तुमच्या पाठीवर होते. त्यात भर म्हणजे उशीर. हिशोब सोपा आहे, भौतिकशास्त्राच्या सरांसमोर करते, चुकले तर थांबवा. अर्ध्या इंची पाइपच्या एका मीटरमध्ये साधारण पावणेदोनशे मिलिलिटर पाणी मावतं. गच्चीवरच्या सोलरच्या टाकीपासून खालच्या मजल्यावरच्या तुमच्या खोलीपर्यंत वीस मीटर पाइप धरा. म्हणजे साडेतीन लिटर थंडगार पाणी आधी बाहेर पडायचं. शॉवर मिनिटाला सहा लिटर देत असेल, तर पस्तीस सेकंद. मोठ्या हॉटेलात मुख्य पाइप एक इंची असतो, तिथे हाच आकडा दहा लिटर आणि दीड मिनिटाच्या पुढे जातो. डिसेंबरातल्या नाशिकच्या सकाळी दीड मिनिट उघडं उभं राहून बघा.

मग आपण काय करतो? गरमचा नळ पूर्ण उघडतो. गरम पाणी पोचतं ते पूर्ण जोराने. आपण ओरडून गारकडे फिरवतो. पण मिक्सरपासून डोक्यावरच्या जाळीपर्यंतही दीडेक मीटर पाइप आहे, म्हणजे अडीच-तीन सेकंद जुनंच पाणी येत राहतं. तेवढ्यात आपण आणखी फिरवतो. मग बर्फ. मग पुन्हा गरम. यात तुमचा स्वभाव उतावीळ आहे असं नाही. उशिरा मिळणाऱ्या माहितीवर जोरात दुरुस्ती केली की कुठलीही यंत्रणा अशीच हेलकावे खाते. वाफेच्या इंजिनाच्या वेगनियंत्रकांचं असं का होतं, याचं गणित मॅक्सवेलने १८६८ साली मांडलं होतं. आमच्या धंद्यातही हेच. दहावीच्या निकालाच्या दिवशी दुपारी एकच्या ठोक्याला सगळा महाराष्ट्र एका संकेतस्थळावर तुटून पडतो. संगणक गर्दी ओळखून जास्तीचे सर्व्हर मागवतो, ते सुरू व्हायला दोन-चार मिनिटं लागतात, तोवर गर्दी वाढलेली दिसते म्हणून तो आणखी मागवतो, आणि सगळे आले की निम्मे रिकामे बसतात. त्यावर आम्ही काढलेला उपाय अगदी घरगुती आहे: थोडं फिरवा, उशीर संपेपर्यंत हात मागे घ्या, मग पुन्हा थोडं फिरवा. शॉवरखाली उभं न राहता हे करायचं, एवढंच.

फ्लशचं कोडंही सोडवून टाकते. गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्याला दाब फक्त उंचीचा. दहा मीटर उंचीला साधारण एक बार. सर्वांत वरच्या मजल्यावर टाकी जेमतेम तीन मीटर वर असते, म्हणजे एक तृतीयांश बारसुद्धा नाही. म्हणून 'टॉप फ्लोअर, मंदिराचा व्ह्यू' घेतलेल्यांचा शॉवर ठिबकतो. शेजारच्याने फ्लश केलं की एकाच गार लाइनवरचा दाब पडतो, गरम लाइनला धक्का लागत नाही, आणि तुमच्या मिश्रणातलं विसण एकाएकी कमी होतं. म्हणजे तुमच्या आंघोळीचं विसण खरं तर शेजारच्या खोलीतल्या माणसाच्या हातात असतं.

आता मुद्दा येतो तो हसण्याचा नाही. कुणी म्हणेल, टाकीतलं पाणीच चाळीस अंशांवर ठेवा ना. ते करता येत नाही. १९७६ साली फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात माजी सैनिकांचा मेळावा भरला होता, आपल्यासारखाच. त्यानंतर अनेकांना न्यूमोनिया झाला आणि ३४ माणसं गेली. पुढच्या वर्षी जंतू सापडला, त्याचं नाव लेजिओनेला. तिथे तो वातानुकूलन यंत्रणेतून पसरल्याचं मानलं जातं, पण कोमट पाण्याच्या टाक्या आणि शॉवर हीसुद्धा त्याच्या आवडीची घरं आहेत. साधारण वीस ते पंचेचाळीस अंशांत तो सुखाने वाढतो. म्हणून साठवलेलं पाणी साठ अंशांवर ठेवायचं, असा नियम बऱ्याच देशांत आहे.

पण साठ अंशांचं पाणी थेट अंगावर आलं तर साधारण पाच सेकंदांत खोलवर भाजतं. आपण उडी मारून बाजूला होतो. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला ओल्या फरशीवर उडी मारता येत नाही, आणि मारली तर खुब्याचं हाड जातं. मधुमेहाने पायांची संवेदना कमी झालेल्या माणसाला पाणी कढत आहे हे कळतच नाही, फोड आल्यावर कळतं. या सभागृहात पहिल्या दोन रांगांत बसलेल्या आपल्या शिक्षकांकडे बघून मी हे बोलते आहे. आणि खरं सांगायचं तर आपणही आता त्याच रांगेकडे चाललो आहोत.

तेव्हा सर, बाई, तुम्हाला हॉटेलातला शॉवर कितीही चकचकीत दिसला तरी माझी विनंती आहे, बादली मागा. लाजू नका. आधी गार पाणी घ्या, त्यात गरम सोडा, हाताने ढवळा. पंधरा लिटरच्या गिझरमधलं साठ अंशांचं पाणी वीस अंशांच्या पाण्यात मिसळलं तर चाळीस अंशांचं तीस लिटर होतं, म्हणजे दोन बादल्या, व्यवस्थित आंघोळ. शॉवरला तेच पाणी पाच मिनिटंच पुरतं. आणि मुक्काम एखाद्या घरगुती ठिकाणी असेल, बाथरूममध्येच गॅस गिझर असेल आणि खिडकी नसेल, तर दार लावून आंघोळ अजिबात करू नका. त्या गॅसच्या धुराला वास नसतो, रंग नसतो, आणि त्याने माणसं गेलेली आहेत.

खोली घेताना दोनच प्रश्न विचारत जा: पाणी सोलरचं की गिझरचं, आणि गरम पाण्याची वेळ कोणती. सोलर असेल तर पहाटे चारला त्र्यंबकला निघणारी मंडळी टाकी उपसून जातात आणि तिच्यात गार पाणी भरतं. आठला उठणाऱ्याने रिसेप्शनवर भांडून ते तापत नाही.

२०२७ चा कुंभ तोंडावर आहे. रामकुंडापासून पंचवटी कारंजापर्यंत आणि पुढे निमाणीपर्यंत खोल्या वाढताहेत, आणि त्यांत उतरणार आहेत मुख्यतः म्हातारी माणसं. आपल्या बॅचमधले दोघं लॉज चालवतात, तिघं बांधकामात आहेत. त्यांना सांगायचंय की टाइल्सवर थोडा कमी खर्च करा. शॉवरची गार लाइन फ्लशपासून वेगळी काढा. गरम पाणी पाइपमधून फिरतं ठेवणारी परतीची लाइन आणि छोटा पंप बसवा. मेणाच्या कॅप्सूलवर चालणारा थर्मोस्टॅटिक मिक्सर मिळतो, गार पाणी बंद पडलं तर तो गरमही बंद करतो. मात्र त्याला पुरेसा दाब लागतो, तेव्हा वरच्या मजल्यांसाठी प्रेशर पंपाशिवाय तो घेऊ नका, पैसे वाया जातील. आणि प्रत्येक बाथरूममध्ये एक बादली, एक मग आणि भिंतीला एक धरायचा दांडा.

जेवणानंतर मी मागच्या टेबलावर आहे. तुमच्या इमारतीचे मजले आणि टाकीची उंची सांगा, पाइपचं गणित तिथेच कागदावर मांडून देते.